रंगातून रंगाकडे : ग्रेडियंटच्या छपाईचे शास्त्र

संगणकाच्या पडद्यावर सहज साधणारी बहुरंगी छटांची सरमिसळ कागदावर किंवा कापडावर उतरताना अनेकदा फसते. असे का होते आणि ते टाळण्यासाठी काय करावे, याचा कोल्हापूरच्या कलापरंपरेच्या संदर्भात घेतलेला हा वेध.

गणेशोत्सव जवळ आला, की कोल्हापुरातील तालीम मंडळांच्या कार्यकर्त्यांची पावले छपाईच्या दुकानांकडे वळू लागतात. मंडळाच्या नावाचे टी-शर्ट, कार्यक्रमपत्रिका, अहवाल, स्वागतफलक अशी कामांची रीघ लागते. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, की पेठापेठांतील संघांच्या जर्सी, समर्थकांचे झेंडे आणि स्कार्फ यांची मागणी वाढते. लग्नसराईत तर पत्रिकांना उसंत नसते. या साऱ्या कामांत एक मागणी हटकून असते : ‘एका रंगातून दुसरा रंग अलगद निघाला पाहिजे.’ भगव्यातून लाल, लालमधून जांभळा, जांभळ्यातून गडद निळा, असा हा रंगांचा प्रवास. संगणकाच्या भाषेत त्याला ग्रेडियंट म्हणतात. कोरल ड्रॉवर हात बसलेले आपल्याकडील डीटीपी चालक त्यालाच ‘फाउंटन’ म्हणतात, तर जुने पेंटर ‘शेडिंग’.

पडद्यावर हा प्रवास मोहक दिसतो. छापून आल्यावर मात्र त्यात पट्टे पडलेले असतात, मधला भाग मातकट झालेला असतो किंवा फिकट होत जाणारा रंग एका रेषेवर तुटलेला असतो. मग ग्राहक आणि मुद्रक यांच्यात वाद सुरू होतो. लग्नाची तारीख पुढे ढकलता येत नाही, उत्सवही थांबत नाही. पाचशे पत्रिका किंवा दोनशे टी-शर्ट पुन्हा छापायचे, तर तो भुर्दंड कोणी सोसायचा? लहान छापखान्याच्या दृष्टीने अशा एका कामातील तोटा दहा कामांतील नफा गिळून टाकतो. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळालाही तो परवडत नाही. म्हणूनच ग्रेडियंटमागचे शास्त्र मुद्रकाइतकेच ग्राहकालाही ठाऊक असणे हिताचे आहे.

हातातील कसब

रंगातून रंग काढण्याची कला संगणकाने जन्माला घातली नाही. एकोणिसाव्या शतकातील जपानी ठोकळामुद्रणात होकुसाई आणि हिरोशिगे यांच्या चित्रांतील आकाश गडद निळ्यातून पांढऱ्यात विरघळत जाताना दिसते. त्यासाठी मुद्रक लाकडी ठोकळा ओला करून त्यावरील रंग हाताने कमी-जास्त करीत असत. या तंत्राला ‘बोकाशी’ असे नाव आहे. प्रत्येक प्रतीसाठी हा खटाटोप नव्याने करावा लागे, त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत थोडा फरक पडे.

महाराष्ट्रात राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यात शिळामुद्रणाने देवदेवतांची रंगीत चित्रे छापली जाऊ लागली. त्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे. लक्ष्मीच्या गालावरील गुलाबी झाक किंवा तिच्यामागील आकाशाची निळाई सौम्य करण्यासाठी कारागीर दगडावर बारीक ठिपके भरीत असत. ठिपके दाट असतील तिथे रंग गडद आणि विरळ असतील तिथे फिकट. आजच्या ऑफसेट छपाईचे तत्त्वही याच ठिपक्यांत दडलेले आहे.

कोल्हापूरचा या कलेशी असलेला संबंध तर अधिकच जिव्हाळ्याचा. आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांनी येथील पाणी, झाडे आणि प्रकाश यांच्या तरल छटा पकडल्या. बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी आनंदराव पेंटर यांच्यासह नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. सपाट कापडावर राजवाड्याचा महाल खोलवर गेल्याचा किंवा आकाश क्षितिजाला टेकल्याचा भास निर्माण करायचा, तर रंगांचा उतार साधण्यावाचून गत्यंतर नसते. पुढे १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणणाऱ्या बाबूरावांनी चित्रपटांच्या जाहिरातींसाठी भित्तिचित्रेही केली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४ मधील चित्रपटाचे भित्तिचित्र हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय भित्तिचित्रांपैकी एक मानले जाते. कोल्हापूरचेच चित्रकार जी. कांबळे यांनी ‘मुघल-ए-आझम’ची भव्य भित्तिचित्रे रंगवली. त्यांनी केलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र राज्य शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले.

या पेंटरांच्या हातात एक मोठी सोय होती. दोन रंग ओले असतानाच ते ब्रशने एकमेकांत मिसळत. मधली छटा त्या रंगांच्या प्रत्यक्ष मिश्रणातून तयार होत असे आणि ती बिघडते आहे असे दिसताच डोळा हाताला सावध करीत असे. फ्लेक्स फलकांच्या लाटेत हाताने रंगवलेले फलक मागे पडले. डोळा आणि हात यांचे ते काम संगणक आणि यंत्र यांच्याकडे गेले. यंत्र मात्र सांगितलेल्या आकड्यांवरच चालते. आकडे चुकले, की रंग चुकतो.

ठिपक्यांचा खेळ

छपाई यंत्राला फिकट रंग छापता येत नाही, हे पहिले सत्य. ऑफसेट यंत्राची प्लेट कागदाच्या एखाद्या बिंदूवर शाई देते किंवा देत नाही. अर्धी शाई देणे तिला जमत नाही. फिकट निळा हवा असेल तर निळ्या शाईचे लहान ठिपके छापले जातात आणि त्यांच्यामधल्या पांढऱ्या कागदासह डोळ्याला फिकट निळ्याचा भास होतो. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांच्या ठिपक्यांतून सगळी रंगसृष्टी उभी राहते. चारही रंगांच्या ठिपक्यांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनांत ठेवतात. सर्वसाधारणपणे काळ्याचा कोन ४५ अंश, मॅजेंटाचा ७५, सायनचा १५ आणि पिवळ्याचा शून्य अंश असतो. हे कोन चुकले, तर सलग छटेवर जाळीसारखी नको असलेली नक्षी उमटते.

ठिपके किती बारीक, हे एका इंचात त्यांच्या किती ओळी बसतात यावर ठरते. वृत्तपत्राच्या कागदावर साधारण ८५ ते १०० ओळी, तर गुळगुळीत आर्ट पेपरवर १५० ते १७५ ओळी वापरतात. प्लेट तयार करणारे यंत्र एका इंचात २,४०० सूक्ष्म बिंदू उमटवत असेल आणि ओळी १५० असतील, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला १६ गुणिले १६, म्हणजे २५६ बिंदूंची जागा येते. त्यातील किती बिंदू भरायचे यावर छटा ठरते. म्हणजेच एका शाईच्या सुमारे २५६ छटा मिळतात. हेच यंत्र १,२०० बिंदूंचे असेल, तर ८ गुणिले ८, अशा जेमतेम ६४ छटा हाती लागतात. ग्रेडियंटचा जिना मग ६४ पायऱ्यांचा होतो आणि त्या पायऱ्या डोळ्याला दिसू लागतात.

पट्टे का पडतात?

या पायऱ्यांनाच छपाईच्या परिभाषेत बँडिंग म्हणतात. ते कधी पडेल याचा हिशेब अगदी सोपा आहे. समजा, एखाद्या पत्रिकेवर निळा रंग ७० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणायचा आहे आणि त्यासाठी दहा इंचांची लांबी आहे. फरक २० टक्क्यांचा, म्हणून २५६ पैकी सुमारे ५१ छटाच वापरात येतील. दहा इंच ५१ पायऱ्यांत विभागले, की प्रत्येक पायरी जवळपास ५ मिलिमीटर रुंदीची होते. हाच ग्रेडियंट दहा फुटी फ्लेक्सवर ताणला, तर पायरी सुमारे ६ सेंटिमीटरची होईल. याउलट तोच रंग १०० टक्क्यांवरून शून्यावर आणला, तर सर्व पायऱ्या वापरल्या जाऊन दहा इंचांतील पायरी एका मिलिमीटरइतकीच राहते. थोडक्यात, लांबी मोठी आणि रंगातील फरक लहान, ही पट्ट्यांना आमंत्रण देणारी जोडी आहे.

दोन लगतच्या पायऱ्यांतील फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. तरीही तो दिसतो, याचे कारण आपल्या डोळ्यांत आहे. दोन छटा जिथे एकमेकींना भिडतात, त्या सीमेवर डोळा गडद बाजू अधिक गडद आणि फिकट बाजू अधिक फिकट करून पाहतो. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये या भासाचे वर्णन केले आणि आजही असे पट्टे त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे ग्रेडियंटमध्ये किंचित खरखर मिसळणे. फोटोशॉपमध्ये तिला नॉइज म्हणतात. अगदी एक-दोन टक्क्यांची ही खरखर पायऱ्यांच्या सरळ कडा विस्कटून टाकते आणि डोळ्याला सीमा सापडत नाही. शिळामुद्रणाच्या कारागिराचे हाताने भरलेले अनियमित ठिपके हेच काम करीत असत. मोठ्या आकारात काम करताना फाइल सुरुवातीपासून १६ बिटमध्ये ठेवणे आणि जेपेगमध्ये वारंवार साठवणे टाळणे हेही उपयोगी पडते.

मधला रंग मातकट होतो तेव्हा

बहुरंगी ग्रेडियंटची दुसरी तक्रार मधल्या रंगाची. भगव्यातून निळ्याकडे जायचे आहे असे समजू. भगव्यात मॅजेंटा ६० आणि पिवळा १०० टक्के आहे. निळ्यात सायन १०० आणि मॅजेंटा ७० टक्के आहे. संगणक या दोन टोकांच्या मधोमध सरासरी काढतो : सायन ५०, मॅजेंटा ६५ आणि पिवळा ५०. तिन्ही शाया जवळपास समान प्रमाणात एकत्र आल्या, की रंग मरतो आणि तपकिरी-राखाडी चिखल उरतो. परस्परविरोधी रंगांच्या प्रत्येक जोडीत हेच घडते. सायनकडून लालकडे जाताना मध्यभागी तिन्ही शाया ५०-५० टक्के येतात आणि तेथे मातकट राखाडी पट्टा तयार होतो.

यातून वाट कशी काढायची, हे निसर्गच दाखवतो. रंकाळ्याच्या काठावरून मावळतीचे आकाश पाहिले, तर क्षितिजाजवळचा केशरी रंग एकदम निळा होत नाही. तो आधी गुलाबी होतो, गुलाबीतून जांभळा आणि मग निळा. म्हणजेच रंगचक्राच्या मधून आडवे न जाता त्याच्या कडेने फिरत जायचे. भगवा आणि निळा यांच्यामध्ये गुलाबी आणि जांभळा असे दोन थांबे स्वतः ठेवले, की संगणकाला चिखलातून जावे लागत नाही. या थांब्यांत एक पथ्य पाळावे : गुलाबीत पिवळ्याचे प्रमाण उतरते ठेवावे, जांभळ्यात ते शून्यावर आणावे आणि सायन त्यानंतरच वाढवावा. पिवळा आणि सायन जितका कमी वेळ एकत्र राहतील, तितकी छटा स्वच्छ राहील.

काळ्याकडे जाणारा ग्रेडियंटही असाच फसवा असतो. पिवळ्यातून केवळ काळ्या शाईकडे गेले, तर मधे शेवाळी हिरवट छटा डोकावते. पिवळा, केशरी, गडद तांबडा आणि मग काळा, असा मार्ग घेतला आणि काळ्याच्या टोकातही लाल-पिवळ्याचा अंश ठेवला, तर उतार उबदार दिसतो. मात्र चारही शायांची बेरीज आर्ट पेपरवर ३०० टक्क्यांच्या आसपास रोखावी. वृत्तपत्राच्या कागदावर ती २४० टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये, अन्यथा शाई वाळत नाही आणि एका कागदाची शाई दुसऱ्याच्या पाठीवर उमटते.

पडद्यावरचा झगमगता निळा, पोपटी हिरवा किंवा विजेसारखा गुलाबी चार शायांत बसतच नाही, हेही ध्यानात घ्यावे. पडदा प्रकाश देतो, कागद प्रकाश परतवतो. म्हणून काम सुरुवातीपासूनच सीएमवायके पद्धतीत करावे. आरजीबीतील देखणा ग्रेडियंट शेवटच्या क्षणी बदलला, तर त्यातील झगमगते भाग एकाच छटेत सपाट होतात आणि उताराच्या मधोमध पठार तयार होते.

फिकट टोक आणि देवनागरी अक्षर

रंग पांढऱ्यात विरून जावा अशी अपेक्षा असते, तेव्हा फिकट टोकाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ऑफसेटमध्ये साधारण ३ टक्क्यांहून लहान ठिपका प्लेटवर टिकेलच असे नाही. पिशव्या आणि वेष्टनांसाठी वापरल्या जाणाऱ्या फ्लेक्सोग्राफीत तर सर्वांत लहान ठिपकाही दाबामुळे पसरून मोठा होतो. त्यामुळे रंग विरत जाण्याऐवजी एका रेषेवर थांबतो आणि पुढे कोरा कागद दिसतो. अशा वेळी ग्रेडियंट शून्यावर न आणता अगदी फिकट टक्केवारीवर ठेवून कागदाच्या कडेपर्यंत नेणे शहाणपणाचे. मधल्या छटांत उलटा धोका असतो. शाई कागदात पसरून ५० टक्क्यांचा ठिपका प्रत्यक्षात बराच मोठा छापला जातो. म्हणून साध्या, शोषणाऱ्या कागदासाठी मधली छटा आधीच हलकी ठेवावी लागते.

मराठी मजकुराची अडचण याहून निराळी. बहुरंगी पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे सोडण्याची फॅशन आहे. ही अक्षरे म्हणजे चारही शायांनी मोकळी ठेवलेली जागा. एखादी प्लेट केसभर सरकली, तरी शेजारची शाई त्या जागेत घुसते. रोमन लिपीत त्याने अक्षराची कड बिघडते. देवनागरीत अनुस्वाराचा टिंब बुजतो, रफार पुसट होतो, जोडाक्षराची गाठ भरून येते. पत्रिकेवरील नावाचा अनुस्वार गेला, तर ती चूक केवळ सौंदर्याची राहत नाही. लहान मजकुरासाठी जाड वळणाचा टंक घ्यावा आणि त्यामागे शक्यतो एक-दोन शायांचाच ग्रेडियंट ठेवावा. शिवाय पार्श्वभूमी गडदाकडून फिकटाकडे जात असेल, तर एका टोकाला उठून दिसणारे पांढरे शीर्षक दुसऱ्या टोकाला हरवते. मजकूर नेहमी उताराच्या गडद निम्म्यात बसवावा.

कापडावरचे रंग

टी-शर्टच्या छपाईत पद्धतीची निवड निर्णायक ठरते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट लागते आणि ग्रेडियंटसाठी येथेही ठिपकेच वापरावे लागतात. कापडाचा पोत भरड असल्याने इंचाला ४५ ते ५५ ओळी पुरे होतात. चौकटीच्या जाळीचे धागे या संख्येच्या चौपट ते पाचपट असावेत, असा संकेत आहे. म्हणजे ४५ ओळींसाठी इंचाला १८० ते २२५ धाग्यांची जाळी हवी. जाळी त्याहून भरड असेल, तर लहान ठिपक्यांना धरायला धागाच सापडत नाही आणि फिकट भाग गळून जातो.

काळ्या टी-शर्टवर आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. रंग काळ्यात विरून जायला हवा असेल, तर हा पांढरा थरही ठिपक्यांनी विरळ करत न्यावा आणि शेवटी कापडाचाच काळा रंग उघडा ठेवावा. पांढरा थर सरसकट दिला, तर विरणाऱ्या रंगाखालून पांढरी कड डोकावते.

खेळाच्या जर्सीसाठी सब्लिमेशन ही पद्धत ग्रेडियंटला सर्वांत अनुकूल. आधी कागदावर छापलेली शाई सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेने थेट वायुरूप होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. वायूच्या या विसरणात ठिपक्यांच्या कडा विरघळतात आणि छटा सलग होतात. मात्र कापड पॉलिएस्टरचे आणि पांढरे किंवा फिकट असणे आवश्यक आहे, कारण या पद्धतीत पांढरी शाई नसते. सुती कापडावर हा प्रयोग फसतो. कागदावर निस्तेज दिसणारा रंग उष्णतेनंतर खुलतो, त्यामुळे कागदी प्रत पाहून रंग ठरवू नये. सुती आणि गडद कापडावर थोड्याच प्रती हव्या असतील, तर थेट कापडावर छापणारी यंत्रे किंवा फिल्मवर छापून उष्णतेने चिकटवण्याची डीटीएफ पद्धत सोयीची पडते.

ठिपक्यांवाचून ग्रेडियंट

ठिपक्यांना पूर्ण फाटा देणारी एक जुनी युक्ती आजही जिवंत आहे. छपाई यंत्राच्या शाईपात्रात दोन किंवा तीन रंगांच्या शाया शेजारी शेजारी भरायच्या आणि रोलर डावी-उजवीकडे सरकत राहिले, की त्या सीमेवर आपोआप मिसळू लागतात. एकाच प्लेटमधून, एकाच फेरीत इंद्रधनुषी पट्टा छापला जातो. स्क्रीन प्रिंटिंगमध्येही चौकटीवर दोन शाया शेजारी ओतून स्क्वीजी ओढली, की हाच परिणाम मिळतो. यात मधली छटा खऱ्या शाईच्या मिश्रणातून तयार होते, म्हणून पट्टे पडत नाहीत. चलनी नोटांच्या पार्श्वभूमीवरील बारीक रेघांत रंग अलगद बदलतो, त्यामागेही याच तत्त्वाची सुधारित आवृत्ती आहे. ठिपक्यांतून तिची नक्कल करू पाहणारा भिंगाखाली पकडला जातो.

अर्थात, या युक्तीला मर्यादा आहेत. रंग एकाच दिशेने बदलतो आणि जसजशा प्रती निघतात तसतशी सीमा पसरत जाते. पहिली आणि हजारावी प्रत तंतोतंत सारखी नसते. कमी खर्चात काही वेगळे हवे असणाऱ्या मंडळांनी आणि हौशी चित्रकारांनी मात्र तिचा जरूर विचार करावा.

काम देण्यापूर्वी

ग्राहकाने काही गोष्टींचा आग्रह धरला, तर बहुतेक वाद टळतात. मोबाइलच्या पडद्यावर पाहून रंग मंजूर करू नये. ज्या कागदावर किंवा कापडावर काम होणार आहे, त्यावरच नमुना प्रत मागावी. डिजिटल यंत्रावरील नमुना आणि ऑफसेटवरील अंतिम प्रत यांत फरक राहणार, हे मुद्रकानेही आधीच स्पष्ट करावे. मॅट लॅमिनेशन करायचे असेल, तर नमुन्यावरही करून पाहावे, कारण त्याने गडद रंगांची झळाळी कमी होते. नमुना ट्यूबलाइटखाली न पाहता दिवसाच्या उजेडात, पण थेट ऊन टाळून पाहावा. मंजूर केलेल्या प्रतीवर दोघांनी सही करून ती जपून ठेवावी. या प्रतीचा खर्च किरकोळ असतो. पुनर्छपाईचा खर्च तसा नसतो.

डिझायनरची जबाबदारी याहून मोठी आहे. तयार साच्यातील ग्रेडियंट उचलून ताणणे सोपे असते. आपला रंग कोणत्या मार्गाने दुसऱ्या रंगाकडे जातो, वाटेत कोणत्या शाया एकमेकींना भेटतात आणि फिकट टोक कोठे संपते, हे तपासण्यास पाच मिनिटे लागतात. पडदा रंगवणारा जुना पेंटर ब्रश उचलण्यापूर्वी दहा पावले मागे जाऊन काम पाहत असे. संगणकासमोर बसणाऱ्यानेही फाइल छापखान्याकडे पाठवण्यापूर्वी तेवढे थांबावे. कोल्हापूरच्या रंगपरंपरेचे नाव सांगणाऱ्या शहरात निदान एवढी अपेक्षा गैर ठरू नये.